काठावर पास : नॉटिंगहॅम फॉरेस्टचा १९७६-७७ चा मोसम

'काठावर पास' हा शब्दप्रयोग आपल्या महाविद्यालयीन जगात फारसा गौरवाचा मानला जात नाही. निकालाच्या फलकापुढे उभा राहून जो स्वतःविषयी तो वापरतो, तो थोडा ओशाळून वापरतो. जो दुसऱ्याविषयी वापरतो, तो बहुधा त्या विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्याविषयीही मनाशी काही ठरवून टाकतो. काठावरच्या यशाला खरोखर किती किंमत द्यावी? त्यावरून माणसाच्या किंवा संस्थेच्या कुवतीविषयी काही सांगता येते का? या प्रश्नाचा विचार करण्यास खेळाच्या इतिहासातील एक उदाहरण फार उपयोगी पडते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा फुटबॉल क्लब १९७७ साली दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेला तो तिसऱ्या क्रमांकाने आणि केवळ एका गुणाच्या फरकाने. हाच क्लब पुढच्या वर्षी इंग्लंडचा विजेता झाला आणि त्यानंतर लागोपाठ दोन वर्षे युरोपचा. प्रस्तुत लेखात त्या बढतीच्या मोसमाचा अभ्यास करावयाचा आहे.

शहर आणि क्लब

नॉटिंगहॅम हे इंग्लंडच्या मध्यभागातील ट्रेंट नदीकाठचे औद्योगिक शहर. आपल्याकडील वाचकांना हे नाव अगदीच अपरिचित नाही. रॉबिन हुडच्या कथांतील शेरवुडचे जंगल याच परिसरातले. ज्या ट्रेंट ब्रिज मैदानावर भारतीय क्रिकेट संघ १९५९ पासून कसोटी सामने खेळत आला, ते मैदान फॉरेस्टच्या सिटी ग्राउंडपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी अभिमानाने बाळगलेली रॅले सायकल मूळची या गावची. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हेही ठाऊक असेल, की कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सचा जन्म याच परगण्यातील ईस्टवुड या खाणकामगारांच्या गावी झाला.

या शहरात दोन जुने फुटबॉल क्लब आहेत. नॉट्स काउंटीची स्थापना १८६२ ची आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची १८६५ ची. फॉरेस्टच्या संस्थापकांनी पहिल्याच वर्षी गोंड्याच्या लाल टोप्या विकत घेतल्या. हा लाल रंग इटलीच्या गॅरिबाल्डीच्या सैनिकांचा. मॅझिनीच्या जोडीने गॅरिबाल्डीचे नाव मराठी राजकीय लेखनात एकेकाळी किती घेतले जाई, हे आठवले म्हणजे या रंगाविषयी आपल्यालाही थोडी आपुलकी वाटावी.

मात्र कीर्तीच्या दृष्टीने फॉरेस्टची मिळकत बेताचीच होती. एफ. ए. कप त्यांनी १८९८ आणि १९५९ असा दोनदा जिंकला. पहिल्या श्रेणीचे विजेतेपद शंभर वर्षांत एकदाही नव्हते. १९७२ साली तर क्लबची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली होती, आणि तेथेही तो मधल्या फळीत चाचपडत होता.

बढतीचे नियम

पुढील हकीकत नीट समजण्यासाठी त्या काळचे नियम समजून घेतले पाहिजेत. इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत तेव्हा चार श्रेणी होत्या. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत प्रत्येकी २२ संघ असत. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळे. म्हणजे एका मोसमात एकूण ४२ सामने. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य. विजयाला तीन गुण देण्याची पद्धत १९८१ मध्ये आली.

मोसमाच्या शेवटी वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली येत आणि खालच्या श्रेणीतील पहिले संघ वर जात. किती संघांनी वर जावयाचे, हा येथे महत्त्वाचा प्रश्न. कित्येक दशके पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणींमध्ये ही संख्या दोन होती. १९७३-७४ च्या मोसमापासून ती तीन करण्यात आली. पुढे १९८६-८७ पासून तिसऱ्या जागेसाठी वेगळे बाद सामने खेळविण्याची प्रथा सुरू झाली. तात्पर्य, तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला थेट वर नेणारे हे दार अवघे तेरा मोसम उघडे होते.

दुसरा बदल नेमका १९७६-७७ मध्येच आला. दोन संघांचे गुण समान झाल्यास पूर्वी केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून सरासरी काढीत. या मोसमापासून भागाकाराऐवजी वजाबाकी आली. केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करावयाचे. जो आकडा येईल तो गोलफरक.

नियमांची ही चर्चा कोरडी वाटेल. पण पास आणि नापास यांमधील रेषा कोणीतरी आखलेली असते आणि ती हलविताही येते, हे लक्षात ठेवल्याशिवाय काठावरच्या यशाचा अर्थ लागत नाही. हाच तिसरा क्रमांक पाच वर्षांपूर्वी मिळाला असता तर फॉरेस्टला आणखी एक वर्ष खालीच काढावे लागले असते.

दोन माणसे

६ जानेवारी १९७५ रोजी ब्रायन क्लफ फॉरेस्टचा व्यवस्थापक झाला. इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे. खेळाडूंची निवड, खरेदी-विक्री, सराव, शिस्त हे सारे त्याच्याच हाती असे. क्लफचा जन्म १९३५ चा, मिडल्सब्रोचा. खेळाडू म्हणून त्याने साखळी स्पर्धेत २७४ सामन्यांत २५१ गोल केले होते. १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी गुडघ्याला झालेल्या दुखापतीने त्याची खेळाची कारकीर्द जवळजवळ संपवली.

मिडल्सब्रोला असतानाच त्याची पीटर टेलर या गोलरक्षकाशी मैत्री जुळली. १९६५ मध्ये हार्टलपूल्स या तळाच्या क्लबात दोघांनी जोडीने व्यवस्थापनास सुरुवात केली. तेथून ते डर्बी काउंटीत गेले. डर्बीला त्यांनी १९६९ मध्ये पहिल्या श्रेणीत आणले आणि १९७२ मध्ये विजेते केले. पण संचालकांशी खटके उडाले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात दोघांनी राजीनामे दिले. पुढे दोघेही ब्रायटनला गेले. १९७४ मध्ये क्लफ एकटाच लीड्स युनायटेडला गेला आणि तेथे तो ४४ दिवसच टिकला.

नॉटिंगहॅमला क्लफ आला तेव्हा टेलर ब्रायटनलाच होता. क्लफने सूत्रे घेतली त्या वेळी फॉरेस्ट दुसऱ्या श्रेणीत तेरावा होता. त्या मोसमाच्या अखेरीस तो सोळावा आला. म्हणजे नामवंत माणूस येताच चमत्कार झाला, असे काही घडले नाही. पुढच्या वर्षी, १९७५-७६ मध्ये, आठवा क्रमांक मिळाला. १६ जुलै १९७६ रोजी टेलर क्लफला येऊन मिळाला आणि आपल्या अभ्यासाचा मोसम सुरू झाला.

दोघांचे गुण परस्परपूरक होते. क्लफ माणसांना धाकात ठेवी, चेतवी, कधी अनपेक्षितपणे माया करी. टेलर माणसे पारखी. मैदानाच्या कडेला उभे राहून अनोळखी खेळाडूच्या पायांत काय दडले आहे, हे त्याला चटकन दिसे. संघाची पाहणी केल्यावर त्याने क्लफला सांगितले ते असे, की यांतले काही जण तिसऱ्या श्रेणीच्या लायकीचे आहेत. त्यांना घेऊन तू आठवा आलास हाच मोठा पराक्रम.

हाती असलेले आणि बाहेरून आणलेले

येथे कोणालाही वाटेल, की टेलरने नालायकांना हाकलून नामवंतांची खरेदी केली असेल. तसे झाले नाही, आणि या मोसमाचा खरा धडा बहुधा हाच आहे.

जॉन रॉबर्टसन हा स्कॉटिश खेळाडू १९७० च्या सुमारापासून क्लबात होता. क्लफ आला तेव्हा तो विक्रीच्या यादीत होता. वजन वाढलेले, खेळावरचे मन उडालेले. टेलरने त्याला कडक शब्दांत सुनावले, त्याच्या खाण्यावर आणि सरावावर नजर ठेवली. तो डाव्या कडेला खेळू लागला आणि हळूहळू संघाचे आक्रमण त्याच्याच पायांतून सुरू होऊ लागले. त्याला वेग नव्हता. पण प्रतिस्पर्ध्याला चकवून नेमक्या ठिकाणी चेंडू टाकण्याची हातोटी विलक्षण होती.

टोनी वुडकॉक हा लॉरेन्सच्याच ईस्टवुड गावचा. तो राखीव संघात मधल्या फळीत खेळे आणि १९७६ मध्येच त्याला लिंकन आणि डॉन्कास्टर येथे उसना देण्यात आला होता. टेलरने त्याला आघाडीवर खेळविले. पुढे हा खेळाडू इंग्लंडकडून ४२ सामने खेळला. व्हिव्ह अँडरसन हा नॉटिंगहॅमचाच तरुण बचावपटू. १९७८ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या मुख्य संघातून आंतरराष्ट्रीय सामना खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याचे नाव इतिहासात गेले. मार्टिन ओनील हा उत्तर आयर्लंडचा. बेलफास्टच्या विद्यापीठातील कायद्याचा अभ्यास सोडून तो फुटबॉलकडे वळला होता. इयान बोयर मधल्या फळीत अखंड राबणारा. हे पाचही जण क्लफ येण्यापूर्वीपासून क्लबात होते. जमीन तीच होती. नांगरट नवी झाली.

बाहेरून आलेल्यांची यादीही पाहण्यासारखी आहे. जॉन मॅकगव्हर्न आणि जॉन ओहेअर यांना क्लफने १९७५ मध्ये लीड्सहून आणले. दोघेही त्याच्या डर्बीच्या दिवसांपासूनचे, आणि लीड्समध्ये क्लफच्या पाठोपाठ उपरे ठरलेले. फ्रँक क्लार्क या बचावपटूला न्यूकॅसलने बऱ्याच वर्षांच्या सेवेनंतर मोकळे केले होते. तो एक पैसाही न देता मिळाला. १९७६ च्या सप्टेंबरात पीटर विथ हा उंच आघाडीवीर बर्मिंगहॅमहून ४३,००० पौंडांना घेतला. दोन वर्षांनी तो चौपटीहून अधिक किमतीला विकला गेला. ऑक्टोबरात लॅरी लॉइड कॉव्हेंट्रीहून प्रथम उसना आणि मग ६०,००० पौंडांना कायमचा आला. लॉइड लिव्हरपूलच्या विजेत्या संघात खेळलेला. परंतु नंतर मागे पडलेला. डिसेंबरात लाँग ईटन युनायटेड या साखळीबाहेरच्या छोट्या क्लबातून गॅरी बर्टल्स या तरुणाला दोन हजार पौंडांना घेतले. घरोघरी गालिचे बसविण्याचे काम करणारा हा मुलगा त्या मोसमात मुख्य संघाकडून साखळीतील केवळ एक सामना खेळला.

या साऱ्यांमध्ये एक समान सूत्र दिसते. यांतील बहुतेकांना कोठे ना कोठे नापसंतीचा शेरा मिळालेला होता. कोणी विक्रीच्या यादीत, कोणी राखीव संघात, कोणी वयाने उतरणीला लागलेला, कोणी कोणाच्याच नजरेत न आलेला. तो शेरा अंतिम न मानता प्रत्येकाला खेळण्याची योग्य जागा शोधून देणे, हे त्या वर्षीचे मुख्य काम होते.

एक दुर्लक्षित चषक

त्याच मोसमात फॉरेस्टने अँग्लो-स्कॉटिश कप जिंकला. १९७६ च्या डिसेंबरात अंतिम फेरीचे दोन सामने झाले. ओरिएंटशी पहिला १-१ असा बरोबरीत सुटला, दुसरा फॉरेस्टने ४-० असा जिंकला. इंग्लंडमध्ये या स्पर्धेची फारशी पत्रास ठेवली जात नसे. कित्येक क्लब ती कशीबशी उरकीत. क्लफने मात्र ती गांभीर्याने घेतली. १९५९ नंतर क्लबच्या कपाटात आलेला हा पहिला चषक. ज्यांनी आयुष्यात काहीच जिंकलेले नाही, त्यांना जिंकण्याची चव कळली पाहिजे, मग चषक लहान का असेना, हा त्यामागचा विचार. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत प्रथमच उतरणाऱ्या संघांना या विचाराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

खेळाच्या पद्धतीतही गुंतागुंत नव्हती. चेंडू शक्यतो जमिनीवरून खेळवावा, आपल्याच रंगाच्या सदऱ्याकडे द्यावा, प्रत्येकाने आपले नेमून दिलेले काम करावे. पंचांशी हुज्जत घालणे क्लफला मुळीच खपत नसे.

मे १९७७

मोसमाचा शेवट जवळ आला तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजे वुल्व्हज, आणि चेल्सी पुढे होते. तिसऱ्या जागेसाठी फॉरेस्ट आणि बोल्टन वाँडरर्स यांच्यात चुरस होती. ब्लॅकपूलही मागे लागलेला होता.

फॉरेस्टचा शेवटचा सामना ७ मे १९७७ रोजी सिटी ग्राउंडवर मिलवॉलशी झाला. तो त्यांनी १-० असा जिंकला, पण तो एकमेव गोलही फॉरेस्टच्या खेळाडूचा नव्हता. मिलवॉलचा बचावपटू जॉन मूर याच्याकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. फॉरेस्टचे ४२ सामने संपले : २१ विजय, १० बरोबरी, ११ पराभव, एकूण गुण ५२.

बोल्टनचे अजून तीन सामने उरले होते. त्यांतून पाच गुण मिळाले की ते फॉरेस्टच्या पुढे जाणार होते. म्हणजे दोन विजय आणि एक बरोबरी. स्वतःचे सर्व पेपर देऊन झालेले आहेत आणि निकाल दुसऱ्याच्या पेपरावर अवलंबून आहे, अशी फॉरेस्टची स्थिती झाली. करता येण्यासारखे काहीच उरले नव्हते. मोसम संपला म्हणून संघ विमानाने स्पेनच्या मायोर्का बेटावर विश्रांतीसाठी निघाला.

१४ मे रोजी बोल्टनच्या मैदानावर वुल्व्हज खेळावयास आले. वुल्व्हजची बढती आधीच निश्चित झालेली होती. हरले असते तरी त्यांचे काही बिघडत नव्हते. बोल्टनचे मात्र सर्वस्व पणाला लागले होते. अशा सामन्यात पाहुण्या संघाने थोडी ढिलाई दाखविली असती तर त्यांना कोणी दोषही दिला नसता. पण वुल्व्हज सरळ खेळले. विली कार आणि केनी हिबिट यांनी सरावात घोटून घेतलेली फ्री किकची युक्ती साधली आणि हिबिटच्या गोलने वुल्व्हज १-० असे जिंकले. ही बातमी फॉरेस्टच्या खेळाडूंना समजली तेव्हा त्यांचे विमान आकाशात होते.

हिशेब पाहू. या पराभवानंतर बोल्टनला उरलेले सारे जिंकूनही फार तर ५२ गुणांपर्यंत पोहोचता आले असते, म्हणजे फॉरेस्टच्या बरोबरीस. तेथे गोलफरक पुढे आला असता. फॉरेस्टने ७७ गोल केले होते आणि ४३ खाल्ले होते, फरक ३४. तो गाठणे बोल्टनच्या आवाक्याबाहेरचे होते. प्रत्यक्षात बोल्टन ५१ वर थांबला, ब्लॅकपूलही ५१ वरच. वुल्व्हज ५७, चेल्सी ५५, फॉरेस्ट ५२.

बढती मिळविणाऱ्या संघांच्या तोपर्यंतच्या इतिहासात इतक्या कमी गुणांवर वर गेलेले संघ फार थोडे होते. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही काठावरचीच बढती होती, आणि अशा संघाने पहिल्या श्रेणीत टिकून राहिले तरी पुष्कळ झाले, असे समजण्याची रीत होती.

पुढचे तीन उन्हाळे

१९७७ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमहून केनी बर्न्स आला. आघाडीवर खेळणाऱ्या या तापट खेळाडूला बचावात उभे केले गेले. सप्टेंबरात पीटर शिल्टनसारखा गोलरक्षक आणि डर्बीहून आर्ची गेमिल आला. बाकी संघ बढतीचाच. या संघाने १९७७-७८ मध्ये ४२ पैकी केवळ तीन सामने गमावले, ४२ सामन्यांत २४ गोल खाल्ले आणि ६४ गुण मिळवून पहिल्या श्रेणीचे विजेतेपद घेतले. दुसरा आलेला लिव्हरपूल सात गुणांनी मागे होता. त्याच वर्षी लीग कपच्या अंतिम फेरीतही फॉरेस्टने लिव्हरपूलला हरविले.

बढतीनंतर लगेचच विजेतेपद, ही गोष्ट पूर्वीही घडली होती. टॉटनहॅमने १९५१ मध्ये आणि इप्सविचने १९६२ मध्ये ती केली होती. पण ते संघ खालच्या श्रेणीचे विजेते म्हणून वर आले होते. फॉरेस्ट आला होता तिसरा. १९७८ नंतर तर बढतीच्या पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळविणे कोणत्याही क्लबाला साधलेले नाही.

३० मे १९७९ रोजी म्युनिक येथे स्वीडनच्या माल्मोला १-० असे हरवून फॉरेस्टने युरोपियन कप जिंकला. गोल केला ट्रेव्हर फ्रान्सिसने. त्याच वर्षी दहा लाख पौंडांना विकत घेतलेला हा खेळाडू. पण ज्याच्या पासवर तो गोल झाला तो होता रॉबर्टसन. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी अँडरसन, क्लार्क, मॅकगव्हर्न, लॉइड, बोयर, वुडकॉक आणि रॉबर्टसन हे सात जण १९७७ च्या काठावर पास झालेल्या संघाचे खंदे खेळाडू होते. आठवा बर्टल्स, दोन हजार पौंडांचा. २८ मे १९८० रोजी माद्रिदला हॅम्बुर्गविरुद्ध पुन्हा १-० असा विजय मिळाला, आणि या वेळी गोल रॉबर्टसनचाच होता. देशाचे विजेतेपद एकदा आणि युरोपचे दोनदा जिंकलेला फॉरेस्ट हा एकमेव क्लब आहे.

एका गुणाचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यावरून काठावर पास होणाऱ्यांत नेहमीच सुप्त गुण असतात, असा निष्कर्ष काढावा काय? तसे करणे भाबडेपणाचे होईल. काठावर वर गेलेले कितीतरी संघ पुढच्याच वर्षी खाली आले आहेत. त्यांची नावे कोणी सांगत नाही. उदाहरणावरून नियम बनवू नये, हे तर्कशास्त्राच्या पहिल्याच पाठात आपण शिकतो.

परंतु तीन गोष्टी या अभ्यासातून निश्चित सांगता येतात.

पहिली : क्रमांक आणि कुवत यांत फरक असतो आणि तो शोधावा लागतो. फॉरेस्टचा क्रमांक तिसरा होता हे खरे. पण वुल्व्हजचा गोलफरक ३९, फॉरेस्टचा ३४ आणि दुसऱ्या आलेल्या चेल्सीचा केवळ २०. म्हणजे गुणतक्त्यात तिसरा असलेला हा संघ खेळाच्या दुसऱ्या एका मोजमापाने स्पष्टपणे दुसरा होता. जो केवळ शेवटचा रकाना वाचील त्याला हे दिसणार नाही. सोळावा, आठवा, तिसरा हा चढता क्रमही तसाच बोलका आहे. एका वर्षाचा निकाल म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र. वाट कोणत्या दिशेने चालली आहे हे समजण्यास मागची दोन-तीन वर्षे पाहावी लागतात.

दुसरी : दार उघडे असणे महत्त्वाचे असते. दोनाऐवजी तीन संघांना वर नेण्याचा नियम कोणा फॉरेस्टसाठी केलेला नव्हता. पण तो नसता तर १९७७ मध्ये हा संघ खालीच राहिला असता आणि कदाचित त्याचे उत्तम खेळाडू मोठ्या क्लबांनी उचलून नेले असते. प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या, निवडीच्या रेषा आखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एक जागा वाढविल्याने दर्जा घसरतोच असे नाही. कधीकधी त्याच जागेवरून सर्वोत्तम माणूस आत येतो.

तिसरी गोष्ट बोल्टनची. जिंकणाऱ्याच्या कथेत हरणारा विसरला जातो, म्हणून ती मुद्दाम सांगतो. बोल्टन वाँडरर्स १९७५-७६ मध्येही चौथा आला होता, आणि तेव्हाही तिसऱ्या संघाहून एकाच गुणाने मागे. लागोपाठ दोन वर्षे एका गुणाने नापास! पण क्लब खचला नाही. व्यवस्थापक इयान ग्रीव्हज याच्या हाताखाली तोच संघ १९७७-७८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि दुसऱ्या श्रेणीचा विजेता म्हणून मानाने वर गेला. म्हणजे तो एक गुण जसा फॉरेस्टचा मोठेपणा ठरवू शकला नाही, तसा बोल्टनचा कमीपणाही ठरवू शकला नाही. आणि पहिला आलेला वुल्व्हज? १९८० च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याने युरोपच्या विजेत्या फॉरेस्टलाच १-० असे हरविले. दोन वर्षांनी तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. चेल्सीही १९७९ मध्ये खाली आला होता.

फॉरेस्टचे दिवसही कायमचे राहिले नाहीत. क्लफ आणि टेलर यांची जोडी १९८२ मध्ये फुटली. टेलर १९९० मध्ये वारला, क्लफ २००४ मध्ये. क्लब पुढे तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. २९ मे २०२२ रोजी हडर्सफील्डविरुद्ध १-० असा बाद सामना जिंकून तो बऱ्याच वर्षांनी पुन्हा सर्वोच्च श्रेणीत गेला. त्या मोसमात साखळीत त्याचा क्रमांक चौथा होता, आणि तो एकमेव गोलही १९७७ च्या मिलवॉलच्या सामन्याप्रमाणेच प्रतिस्पर्ध्याकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला होता.

निकालाचा कागद एवढेच सांगतो, की दार उघडले किंवा उघडले नाही. आत गेल्यावर काय करावयाचे, अथवा बाहेर राहिल्यावर पुन्हा कसे उभे राहावयाचे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. या वर्षी आपल्यापैकी जे काठावर पास झाले असतील आणि जे एका-दोन गुणांनी राहिले असतील, त्या दोघांनीही फॉरेस्ट आणि बोल्टन या दोन क्लबांची हकीकत एकत्रच वाचावी.